फर्निश्ड फ्लॅट थोड्या महिन्यांसाठी भाड्याने देताना मनस्ताप नेमका कुठे होतो?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात बाणेरला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तुम्ही दोघं आता नाशिकला राहता. घर सामानासकट एक-दोन-तीन महिन्यांच्या बोलीवर देता. दीड वर्षात सहा बिऱ्हाडं आली-गेली. शेवटच्या मुलाने शेवटचं भाडं दिलंच नाही, "डिपॉझिटमधून कापून घ्या" म्हणाला. तो गेल्यावर विजेचं भलंमोठं बिल आलं. आणि सासूबाईंच्या सागवानी झोपाळ्यावर इस्त्रीचा काळा तिकोनी डाग दिसला. आता हे बंद करून ११ महिन्यांवर द्यावं, की आमचंच काही चुकतंय?

मी सोळा वर्षं हेच काम करते. कोथरूडला माझा स्वतःचा एक फ्लॅट आहे, आणि औंध-पाषाण-बाणेर भागातले आठ फ्लॅट त्यांच्या मालकांच्या वतीने सांभाळते. मालक कुणी परदेशी, कुणी मुंबईला. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं एकेक वाक्य मी जगलेली आहे. तरी इतक्या वर्षांत खरोखर वाईट म्हणावीत अशी माणसं मला पाच-सहाच भेटली. बाकी सगळी तुमच्याआमच्यासारखीच. मनस्ताप मात्र त्या चांगल्या माणसांकडूनही झाला, आणि तो जवळजवळ दर वेळी एकाच ठिकाणी झाला: चावी देताना केलेली घाई आणि चावी घेताना केलेली घाई. ११ महिन्यांच्या भाडेकरूबरोबर हे प्रसंग वर्षातून एकदा येतात. थोड्या महिन्यांच्या भाडेकरूंत ते वर्षातून पाच वेळा येतात. फरक इतकाच आहे, पण तो फार मोठा आहे.

मला जागं करणारी गोष्ट अगदी साधी होती. हिंजवडीत नोकरीला आलेलं एक तरुण जोडपं तीन महिने राहिलं. घर छान ठेवलं होतं. निघायच्या दिवशी खाली कॅब उभी, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवतो आहे, मुलगी पाठीवर सॅक घेऊन दारात. मी ओट्याखालचा ड्रॉवर उघडला तर मिक्सरची दोनच भांडी. चटणीचं छोटं भांडं नाही. मी विचारलं, ती म्हणाली, "काकू, पहिल्यापासून दोनच होती." मी म्हटलं तीन होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तोही म्हणाला दोनच. माझ्याकडे यादी नव्हती, फोटो नव्हता, आणि ती दोघं खोटं बोलत नसावीत असं मला आजही वाटतं. कदाचित आधीच्या बिऱ्हाडातच ते गेलं असेल. भांड्याची किंमत कितीशी! पण त्या दारात आम्ही तिघंही एकमेकांच्या नजरेतून उतरलो, आणि तीन महिन्यांचा चांगला संबंध पाच मिनिटांत संपला.

तेव्हापासून मी चावी देण्यासाठी एक तास ठेवते. त्या तासात दुसरं काही नाही. भाडेकरू रात्री अकराच्या विमानाने येणार असेल तर चावी वॉचमनकडे ठेवते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाते. दोन पानांची यादी असते. "किचन साहित्य" असं मोघम त्यात काही नसतं. "कुकर ३ लिटर, शिट्टी १, गास्केट चालू, मिक्सर, भांडी ३, चमचे ८, टीव्ही आणि एसीचे रिमोट प्रत्येकी १, सेल घातलेले, वॉर्डरोबच्या किल्ल्या २" असं लिहिलेलं असतं. मग भाडेकरूच्याच फोनवर व्हिडिओ काढायला लावते. दारापासून सुरुवात, प्रत्येक ड्रॉवर उघडून, फ्रिजच्या आतून, गादी उचलून, बाथरूमचा नळ चालू करून. सोफ्यावर जुना डाग असेल तर तो मी स्वतः दाखवते, "हा तुमचा नाही" म्हणून. तो व्हिडिओ त्याने मला पाठवायचा. त्याच्या आवाजात, त्याच्या फोनवरून, तारखेसकट. जाताना तोच लावून आम्ही दोघं घरभर फिरतो. हे सुरू केल्यापासून वाद जवळजवळ थांबले. लोक वस्तूही जपून वापरू लागले, कारण कुणीतरी प्रेमाने दाखवलेली वस्तू माणूस सहसा हलगर्जीपणे वापरत नाही.

वीजमीटरचा फोटो त्याच तासात. बिल नंतर येतं, माणूस आधी जातो. तुमचा गोंधळ तिथे झाला. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून जास्त, ३०० च्या पुढे आणखी जास्त. एप्रिल-मे महिन्यात दोन बेडरूमचे दोन एसी रात्रभर चालले की बिल दुपटीवर थांबत नाही, कारण वरचे युनिट महाग टप्प्यात पडतात. म्हणून "वीज भाड्यात धरली आहे" असं कधी म्हणू नका. मी महिन्याला १५० युनिट भाड्यात धरते, पुढचे सगळे भाडेकरूचे. येताना आणि जाताना रीडिंग, मधल्या बिलांच्या दराने हिशेब, आणि तो डिपॉझिट परत करण्याआधी. पाइपचा गॅस असेल तर त्याचंही तसंच.

आता "डिपॉझिटमधून कापून घ्या." हे वाक्य ऐकलं नाही असा मालक पुण्यात सापडणार नाही. भाडेकरूच्या बाजूने बघितलं तर त्याची भीतीही समजते: मालक डिपॉझिट परत करायला खळखळ करेल, वाट्टेल ते कापेल. पण शेवटचं भाडं त्यातून गेलं की तुमच्या हातात नुकसानीसाठी काहीच उरत नाही. यावर माझा उपाय सरळ आहे. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाचं सगळं भाडं मी आधीच घेते. कंपनीने पाठवलेली माणसं हे सहज मान्य करतात. ज्यांना ते जड जातं त्यांच्याकडून शेवटच्या महिन्याचं भाडं पहिल्याबरोबर घेते. आणि माझ्या बाजूने वचन देते की घर तपासून झालं की तिथेच उभं राहून, चावी हातात घेताना, डिपॉझिट बँकेतून परत करीन. ते वचन मी सोळा वर्षांत मोडलेलं नाही. तुम्हीही हे करून बघा. डिपॉझिट आठ-पंधरा दिवस अडकवून ठेवणाऱ्या मालकांमुळेच भाडेकरू शेवटचं भाडं बुडवायला शिकले आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेहमीची झीज आणि नुकसान यांतला फरकही आधीच बोलून घ्या. चादर विटणं, भिंतीवर हात लागून मळणं, नळाचा वॉशर जाणं ही झीज, ती मालकाची. काचेचं टेबल फुटणं, गादीवर डाग, पलंगाच्या बॉक्समध्ये ओले टॉवेल ठेवल्याने फुगलेली प्लाय, हे नुकसान.

कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही पत्रात "दोन महिन्यांसाठी कशाला रजिस्टर करायचं, एजंटने नोटरी करून दिलं" असं लिहिलं आहे. हे चुकीचं आहे, आणि यातला धोका तुमचाच आहे. ११ महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही ही समजूत केंद्राच्या नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून आली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही कमी असो. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर कोणत्या अटींवर घर दिलं याबाबत भाडेकरू जे सांगेल ते आधी ग्राह्य धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

उलट नोंदणी केली तर कलम २४ तुमच्या पाठीशी उभं राहतं. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात लिहिलेलं हा निर्णायक पुरावा मानला जातो.

खर्चही बघा. समजा ४०,००० रुपये भाडं, तीन महिने, ८०,००० डिपॉझिट. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे तीनशे-चारशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधारवर अंगठे घेतो, काम झालं. त्याचे पैसे वेगळे धरले तरी एवढ्यासाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. यादी करारालाच जोडा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा आणि पावती जपून ठेवा. परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची वेगळी ऑनलाइन नोंद करावी लागते. ती चुकवू नका.

मुदतीबद्दल एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थोड्या दिवसांच्या भाडेकरूंत तीन-चार तऱ्हा असतात: नव्या नोकरीवर रुजू झालेले, प्रोजेक्टवर आलेले, दिवाळी ते फेब्रुवारी आईवडिलांजवळ राहायला येणारी परदेशातली मुलं, आणि रुग्णाचे नातेवाईक. या शेवटच्यांबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं आणि माझा सगळ्यात जास्त गोंधळही त्यांच्याच बाबतीत झाला. खानदेशातलं एक कुटुंब वडिलांच्या रेडिएशनसाठी दीड महिन्याच्या बोलीवर आलं. मुदत संपायच्या दोन दिवस आधी मुलगा म्हणाला, डॉक्टरांनी आठ दिवस वाढवलेत. मग आणखी आठ. इकडे एक तारखेला बंगळूरूहून येणाऱ्या माणसाचे पूर्ण पैसे माझ्याकडे जमा होते. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत सोफ्यावर आजोबा झोपलेले, मानेवरची कातडी भाजून काळी पडलेली, आजी त्यांना पातळ मुगाची खिचडी चमच्याने भरवत होत्या. मी काही न बोलता खाली आले. बंगळूरूच्या माणसाला नऊ रात्री गेस्ट हाऊसमध्ये ठेवलं आणि ते पैसे मी आणि फ्लॅटमालकिणीने निम्मे-निम्मे भरले.

चूक त्या कुटुंबाची नव्हती. उपचार तारखा पाळत नाहीत हे मला माहीत असायला हवं होतं. आता रुग्णाच्या घरच्यांना मी ते मागतात त्यापेक्षा एक महिना जास्तीचा करार करून देते, लॉक-इन (अमुक दिवसांआधी घर सोडायचं नाही अशी अट) ठेवत नाही, सात दिवसांच्या सूचनेवर सोडायची मुभा देते आणि उरलेल्या दिवसांचं भाडं परत करते. त्यांच्यानंतरचं बुकिंग घेत नाही. इतरांसाठी नियम असा की दोन भाडेकरूंत किमान चार दिवस मोकळे. मुदत वाढवायची असेल तर १५ दिवस आधी सांगायचं, आणि वाढ तोंडी कधीच नाही. जुना करार संपतो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवा नोंदवायचा. "राहा हो अजून थोडे दिवस" असं मनापासून म्हणा, पण कागद करून म्हणा.

घरात काय ठेवावं याबद्दल माझं मत काळाबरोबर बदललं. आधी वाटायचं, घर घरासारखं दिसावं म्हणून चांगल्या वस्तू ठेवाव्यात. आता मी नॉनस्टिक तवा ठेवत नाही, कारण तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी स्टीलच्या उलथण्याने त्याचा थर खरवडतोच. लोखंडी तवा, स्टीलची पातेली, एकसारख्या डिझाइनची भांडी, जेणेकरून एक फुटलं तर तसंच मिळेल. पांढऱ्या चादरी, कारण त्या उकळत्या पाण्यात धुता येतात. गादीला पाणी न झिरपणारं कव्हर, हे तर आजच घ्या. बाणेर-बालेवाडी-वाघोलीकडे उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं, ते जड असतं. गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात, नळाच्या जाळ्या तुंबतात. वर्षातून एकदा गीझर उघडून साफ करून घेतलात तर "पाणी तापत नाही" हा सकाळी सातचा फोन येत नाही. एसीची जाळी कशी काढून धुवायची ते चावीच्या तासात दाखवा. "एसी थंड करत नाही" या तक्रारीत माझ्याकडे निम्म्या वेळा जाळीच भरलेली निघाली. आणि पावसाळ्यात घर रिकामं असेल तर कुणीतरी चार दिवसांनी जाऊन खिडक्या उघडायलाच हव्यात. जुलैमध्ये पंधरा दिवस बंद राहिलेल्या घरात वॉर्डरोबच्या आतून पांढरी बुरशी धरते, आणि नवा भाडेकरू दार उघडताच तो वास घेऊन परत जातो.

तुम्ही नाशिकला आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. साफसफाईच्या मावशी तुमच्यातर्फे ठेवा, आठवड्यातून दोनदा, आणि त्यांचा पगार भाड्यात धरा. माझ्याकडच्या मावशी अकरा वर्षं माझ्याबरोबर आहेत. सिंकखाली पाणी झिरपतंय, गॅलरीच्या दाराची कडी सैल झाली आहे, दोघांच्या घरात सहा जण राहताहेत, हे मला त्यांच्याकडून कळतं, आणि नुकसान होण्याआधी कळतं. हेरगिरी म्हणून मी हे सांगत नाही. भाडेकरूला आधीच कल्पना असते, मावशी ठरलेल्या वेळीच जातात आणि त्याच्या कपाटांना हात लावत नाहीत. पण नियमित झाडलेलं घर माणूस आपोआप नीट ठेवतो.

सोसायटीचं थोडक्यात. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत; शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. तो नम्रपणे दाखवा. पण शेजाऱ्यांची तक्रार खरी असते हेही माना. दर दोन महिन्यांनी लिफ्टमध्ये अनोळखी चेहरे कुणालाच नको असतात. नवा भाडेकरू आला की मी सेक्रेटरींना त्याचं नाव, कराराची प्रत आणि माझा नंबर त्याच दिवशी देते. आठवडाभराच्या किंवा शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी मी घर देतच नाही. ते लॉजिंगचं काम झालं, त्याचे नियम वेगळे आणि सोसायटीचा रागही रास्त.

आता तुमचा मूळ प्रश्न. हिशेब मांडा. समजा ११ महिन्यांच्या करारावर तुम्हाला ३०,००० रुपये मिळतात आणि थोड्या महिन्यांवर ४०,०००. पहिल्यात वर्षाचे ३,६०,०००. दुसऱ्यात नऊ महिने घर भरलं तरी तेवढेच ३,६०,०००, आणि त्यातून इंटरनेट, मावशी, पाच वेळचे करार, दलाली, धुलाई, नवा तवा, नव्या उशा जाणार. म्हणजे दहा महिन्यांहून जास्त घर भरलेलं राहिलं तरच तुम्ही पुढे. नाशिकहून, दर वेळी चार तासांचा प्रवास करून, एक-एक महिन्याची बिऱ्हाडं सांभाळून ते जमेल असं मला वाटत नाही. एक महिन्याची बोली बंद करा. किमान तीन महिने, शक्यतो सहा. आणि चावीच्या त्या तासाला पुण्यातलं तुमचं कुणी विश्वासाचं माणूस जाऊ शकत नसेल, तर निःसंकोच ११ महिन्यांवर द्या. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. मीही दोन मालकांना हाच सल्ला दिला आणि ते आज निवांत आहेत.

राहिला झोपाळा. तुमच्या पत्रात पैशांबद्दल चार ओळी आहेत आणि झोपाळ्याबद्दल अकरा. त्या मुलाने बहुधा इस्त्रीचं टेबल नव्हतं म्हणून झोपाळ्यावर शर्ट पसरला असेल. तुमच्या यादीत इस्त्री आहे, टेबल नाही, हे मी पाहिलं. टेबल घ्या. पण झोपाळ्याच्या डागाची रक्कम ठरवू नका, ती ठरणार नाही. चांगला सुतार पॉलिश पेपरने वरचा थर हलका घासून, तेल पाजून डाग बराच फिका करतो. जाळ खोल गेला नसेल तर दिसतही नाही. पुढचा भाडेकरू येण्याआधी एका रविवारी दोघंही या, पितळी कड्या काढा, त्या वेगळ्या कापडात बांधा, फळी चादरीत गुंडाळून टेम्पोने नाशिकला न्या. हुक छतालाच राहू द्या, त्याला कुणी काही करत नाही. आणि त्या जागी एक साधी वेताची खुर्ची ठेवा.